अकरा ओळींचा भाव

अक्काच्या मते माणसं दोनच प्रकारची असतात, मठ्ठ आणि लबाड. धाकटा भाऊ मठ्ठ, कारण तो बाथरूमचे नळ आणि फरश्या विकतो आणि त्यात सुखी आहे. घरमालक लबाड. डॉक्टर लबाड, आणि त्यांच्या दारात दोन-दोन तास मुकाट बसणारे लोक मठ्ठ. काही नग दोन्हीकडे चालतील असे असत, त्यांच्याविषयी ती फार जिव्हाळ्याने बोलायची. घरी कोणी नवं माणूस येऊन गेलं की तिची आई कपबश्या विसळता विसळता विचारायचीच, "काय गं, कोणातला हा? मठ्ठ की लबाड?" आणि अक्का एका शब्दात निकाल देऊन मोकळी व्हायची. आपण स्वतः कोणातल्या, हा प्रश्न मात्र तिला शेहेचाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

तिची मिजास अगदीच बिनबुडाची नव्हती, हेही कबूल करायला हवं. बावीस वर्षं ती वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत होती. काट्याच्या पोटात जी नखाएवढी चिप असते, तिच्यातला प्रोग्राम लिहायचं तिचं काम. हा प्रोग्राम कोणाला दिसत नाही आणि बिघडेपर्यंत कोणाला आठवतही नाही. काट्यावर बटाटे टाकले की आकडा थरथरत न बसता झटकन एका जागी थांबतो ना, ते थांबवणारी अक्का. एकदा विक्री विभागाचे साहेब हळूच तिच्या टेबलाशी आले. एका मोठ्या गिऱ्हाइकाला काटे हवे होते, पण किलोमागे दहा ग्रॅम जास्त दाखवणारे. अक्का खुर्चीतून उठली आणि अख्ख्या विभागाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, जाताना एकदा आपल्या काट्यावर उभे राहून जा. किती हलके आहात ते कळेल." साहेबांचं तोंड एवढंसं झालं. बावीस वर्षांत तिच्या एकाही काट्याने एका ग्रॅमची थाप मारली नाही, आणि हे ती दिवसातून निदान एकदा कोणाला तरी ऐकवायची.

मग कंपनीने ठरवलं की तयार प्रोग्राम बाहेरून स्वस्तात मिळतो, तर हा विभाग पोसायचा कशाला? निरोपाला पुष्पगुच्छ मिळाला. तो अक्काने फाटकावरच्या रखवालदाराच्या टेबलावर टाकला आणि घरी आली.

पंधरा दिवसांत भाऊ आला. पायपुसण्यावर नीट पाय पुसून, सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला, "अक्का, माझ्याकडे बिलं करणारी मुलगी दोन महिन्यांनी सोडून चालली आहे. तू ये. एसी आहे, बसून काम."

"मी नळ विकू?"

"नळ विकायला माणसं आहेत गं. तू नुसती बिलं करायची."

भाऊ खरोखर मायेने बोलत होता, आणि अक्काला नेमका त्याचाच संताप आला. एवढी वर्षं ज्याच्या धंद्याला नाकं मुरडली, त्याच्या गल्ल्यावर बसून 'बेसिनचा नळ एक नग' असं टंकत बसायचं? ती म्हणाली, "मी माझं काम करणार. स्वतःच्या नावावर. बाहेरची कामं घेणार."

"घे की. दोन महिने खुर्ची राखून ठेवतो. तोवर मिळालं तर उत्तम, नाही तर ये." भावाने हे इतकं साधेपणाने सांगितलं की भांडायलाही जागा उरली नाही. घरभाडं, आईची औषधं आणि उरलेली शिल्लक यांची बेरीज अक्काने आधीच करून ठेवली होती. दोन महिने हा आकडा तिच्याही कागदावर तोच येत होता.

कामं मिळवायच्या एका वेबसाइटवर तिने आपली माहिती चढवली. तिथे लोक आपापली गरज लिहीत आणि जगभरातले प्रोग्रामर बोली लावत. अक्काने दहा दिवसांत नऊ जणांना उत्तरं धाडली. एकाला कळवलं, 'तुम्ही मागता तो सेन्सर या कामाला चालत नाही, हे कोणीही सांगेल.' दुसऱ्याला, 'ही मागणी आधी तुम्हाला तरी समजली आहे का?' तिसऱ्याला नुसतं त्याच्याच आकृतीतल्या चार चुकांची यादी पाठवली. हे सगळं शंभर टक्के बरोबर होतं आणि एकालाही तिला काम द्यावंसं वाटलं नाही. कामं घेऊन जात होती ती 'होय सर, नक्की सर' लिहिणारी पोरं. "सगळे भिकारी," अक्का आईला म्हणाली. यात काम देणारे आले की काम घेणारे, ते तिने स्पष्ट केलं नाही.

शेवटी काम आणलं ते एका पत्रेवाल्याने. जुन्या कंपनीला काट्यांचे पत्र्याचे डबे बनवून देणारा हा गृहस्थ. आता तो अंडी उबवायच्या यंत्रांचे पत्र्याचे ट्रे बनवत होता. त्याच्या नव्या गिऱ्हाइकाचा प्रोग्रामर काम अर्धवट टाकून पळाला होता. पत्रेवाल्याने अक्काचं नाव सुचवलं आणि अक्काला फोन करून सांगितलं, "बाई, माणूस जरा घासाघीस करणारा आहे. पण काम आहे. फक्त पहिल्या भेटीत त्याला मठ्ठ म्हणू नका."

"दुसऱ्या भेटीत म्हटलं तर चालेल?"

"दुसऱ्या भेटीत पैसे घेतलेले असतील, मग काय ते म्हणा."

उबवणीवाल्याचा कारखाना म्हणजे टायरच्या दुकानामागची एक लांबोडकी खोली. प्लायवुडच्या फळ्या, थर्माकोलचा चुरा, फेविकॉलचा वास. हा मूळचा कपाटं बनवणारा, कानावर अजून सुताराची लाल पेन्सिल. तीन वर्षांपूर्वी कोणी तरी त्याला सांगितलं की कपाटापेक्षा अंडी उबवायच्या पेटीत पैसा आहे, म्हणून त्याने कपाटाला दिवा आणि पंखा लावला आणि तिला यंत्र म्हणायला लागला. आता त्याला त्यात 'कॉम्प्युटर' हवा होता. काय काय हवं ते त्याने हवेत हात फिरवून सांगितलं. पेटीतली ऊब कायम राहिली पाहिजे. अंडी दर तासाला आपोआप कलली पाहिजेत. अठराव्या दिवशी कलणं थांबलं पाहिजे आणि आतली ओल वाढली पाहिजे, कारण पिल्लू तोवर आत तोंड वळवून बसलेलं असतं, त्याला हलवून चालत नाही आणि हवा कोरडी ठेवून चालत नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

"एक यंत्र नीट झालं," तो म्हणाला, "की पुढची चाळीस तुम्हालाच. वर वर्षभर देखभालीचं काम वेगळं."

अक्काने मनात भागाकार केला. चाळीस यंत्रं म्हणजे वर्षाची सोय, म्हणजे त्या एसीतल्या खुर्चीला कायमचा रामराम. "उद्या दरपत्रक देते," ती म्हणाली.

घरी येऊन ती दरपत्रक करायला बसली. आई बाजूलाच परकराची नाडी ओवत होती. तिने चाळीस वर्षं लहान मुलींचे फ्रॉक शिवून घर चालवलं होतं. "एकच आकडा सांग त्याला," आई म्हणाली. "सांगायचा आणि गप्प बसायचं. आकडा सांगणं सोपं, गप्प बसणं अवघड. मी कापडाकडे बघत बसायचे, बाईच्या तोंडाकडे बघायचेच नाही."

"आई, हे इंजिनिअरिंग आहे. फ्रॉक नाही."

"मी उगीच सांगते का? सुईत दोरा ओवायला किती वेळ लागला हे बिलात लिहिलं, तर लोक म्हणतील ओवलेली सुई घेऊन येतो."

पण अक्काला मोघम आकडा म्हणजे लबाडी वाटायची. तिने प्रत्येक कामाची वेगळी ओळ केली आणि प्रत्येक ओळीपुढे तास लिहिले. नऊ ओळी, चौसष्ट तास, तासाला साडेसातशे, एकूण अठ्ठेचाळीस हजार. इतकं स्वच्छ, इतकं प्रामाणिक दरपत्रक त्या माणसाने जन्मात पाहिलं नसेल, असं तिला वाटलं. ते खरंच होतं. त्याने पाहिलं नव्हतंच, म्हणून तर त्याला इतका आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद टेबलावर पसरला आणि कानावरची लाल पेन्सिल काढली.

"हे काय लिहिलंय? 'चिपची माहितीपुस्तिका वाचणे, आठ तास'?"

"चिप तुम्ही निवडली आहे. स्वस्तातली. मी ती आधी वापरलेली नाही. दोनशे चाळीस पानांची पुस्तिका आहे."

"म्हणजे तुम्हाला येत नाही, तुम्ही शिकणार आणि फी मी भरणार? वा!" पेन्सिल आडवी फिरली. "'चुका शोधणे, दहा तास.' या चुका कोण करणार?"

"प्रोग्राम लिहिताना चुका होतातच."

"पण कोणाच्या?"

अक्काला खोटं बोलायची सवय नव्हती. "माझ्या."

"तुमच्या चुका आणि माझे पैसे! बाई, कपाटाचं दार वाकडं बसलं तर मी गिऱ्हाइकाला वाकड्याचं वेगळं बिल लावू का?" पेन्सिल फिरली. "'चाचणी, बारा तास.' चुका तर आत्ताच खोडल्या, आता चाचणी कशाची?" पेन्सिल फिरली. "'लेखी माहिती, चार तास.' मला वाचायचा कंटाळा आहे."

अक्काच्या कानशिलांना आग लागली होती. समोरचा माणूस मठ्ठ की लबाड, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं, आणि त्यानेच ती जास्त चिडली होती. तेवढ्यात पेन्सिल सातव्या ओळीवर आली.

"'वीज गेल्यास दिवस लक्षात ठेवणे, सहा तास.' हे काय आणि?"

"वीज गेली की चिप सगळं विसरते. परत आली की तिला वाटतं आज पहिलाच दिवस. म्हणून चालू दिवस तिच्या कायमच्या कप्प्यात दर तासाला लिहून ठेवायचा. हे नसेल तर सगळा खेळखंडोबा होईल. ही ओळ खोडू नका."

"माझं यंत्र घेणारा माणूस बॅटरी ठेवतो हो. वीज गेली तरी बॅटरी आहे." पेन्सिल फिरली, आणि या वेळी जरा जोरात, कारण तिने 'खोडू नका' म्हटलं होतं.

उरले चोवीस तास. अठरा हजार. त्याने वरचे तीन हजार 'पहिलं काम आहे म्हणून' आपणच काढून टाकले. पंधरा हजार. अक्काला तो कागद त्याच्या तोंडावर फेकून उठावंसं वाटत होतं. पण डोळ्यांपुढे भावाच्या दुकानातली ती फिरती खुर्ची आली, आणि ती उठली नाही. ती फक्त म्हणाली, "ठीक आहे. प्रत्येक खोडलेल्या ओळीपुढे सही करा."

"सही कशाला?"

"माझी पद्धत आहे."

त्याने हसत हसत पाच सह्या ठोकल्या. घरी आल्यावर आईने विचारलं, "कोणातला गं?" अक्का म्हणाली, "दोन्हीतला," आणि तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवला.

काम तिने सोळा दिवसांत केलं. खोडलेली पुस्तिका वाचली, खोडलेल्या चुका शोधल्या, कारण त्याशिवाय चोवीस तासांचं काम होतच नाही, हे तो पेन्सिलवाला सोडून सगळ्यांना कळतं. आणि गंमत अशी, की दिवस लक्षात ठेवण्याचा भाग तर तिने दुसऱ्याच दिवशी लिहून टाकला होता. बावीस वर्षांचा हात. काट्याची वीज गेली तरी त्याने आपलं माप विसरायचं नसतं, हे तिच्या बोटांत बसलेलं. सगळ्या मिळून अकरा ओळी.

यंत्र सोपवायच्या दिवशी सकाळी तिने प्रोग्राम शेवटचा चाळला आणि या अकरा ओळींपाशी तिचं बोट थांबलं. सहा तास. साडेचार हजार. लाल रेघ, पुढे सही. "फुकटात? याला?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने प्रत्येक ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की ओळ जागच्या जागी राहते, पण चिप तिच्याकडे बघत नाही. अकरा ओळी, बावीस रेघा. पैसे खोडले, काम खोडलं. तिला इतकं बरं वाटलं की तिने स्वतःला चहा करून घेतला.

आठ दिवसांत बोंबलत येईल, हा तिचा अंदाज. कोणीही शहाणा माणूस नवं यंत्र दोनदा बंद-चालू करून बघतोच. मग तो येणार, मग ती कागद काढणार, मग ती सातवी ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावणार. ती भाजी चिरता चिरता हा प्रसंग मनात घोळवायची आणि दर वेळी त्यात स्वतःसाठी एक नवं वाक्य घालायची. त्या सगळ्या प्रसंगात अंडी एकदाही आली नाहीत. अंड्यांचा विचारच तिच्या डोक्यात आला नाही.

पण चाचणी खोडलेली होती. त्याने ती खरोखरच केली नाही. रिकामं यंत्र अर्धा दिवस चालवून बघितलं, लाल आकडे लुकलुकताना पाहून खूश झाला आणि दुसऱ्या दिवशी विकून टाकलं.

फोन आला तो पावणेदोन महिने संपल्यावर, भावाच्या दुकानातली मुलगी जायला चार दिवस उरले असताना. "बाई, ताबडतोब या," उबवणीवाला ओरडत होता. "तुमच्या प्रोग्रामने माझी अब्रू घालवली!"

अक्काने कपाटातून पाकीट काढलं. केस नीट विंचरले. बसमध्ये बसल्या बसल्या तिने सगळी वाक्यं एकदा पुन्हा घोकली.

कारखान्यात यंत्र टेबलावर ठेवलं होतं आणि शेजारी स्टुलावर एक साठी-पासष्टीची बाई बसली होती. ताठ कणा, मनगटावर उलटं घातलेलं घड्याळ. ती निवृत्त नर्स होती. घरामागे दहा-बारा कोंबड्या पाळायची. निवृत्तीच्या पैशातून हे यंत्र घेतलेलं. मांडीवर अंड्यांचा ट्रे होता, त्यावर स्वच्छ धुतलेला रुमाल.

"ह्या! ह्याच बाई!" उबवणीवाला नर्सबाईंना म्हणाला. "मी साधा माणूस, मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? विश्वास ठेवला यांच्यावर."

अक्का शांतपणे म्हणाली, "काय झालं ते आधी सांगा."

सांगितलं नर्सबाईंनी. सोळाव्या दिवशी घरातलं बटण बदलायला वायरमन आला. मेन स्विच चार मिनिटं बंद. बॅटरी होती, पण तिची वायरही त्याच मेन स्विचमधून गेलेली. वीज आली आणि यंत्रावर सोळाच्या जागी एक आकडा दिसायला लागला. त्यांनी लगेच कारखान्यात फोन केला. उबवणीवाल्याने सांगितलं, 'हात लावू नका, यंत्राला सगळं कळतं.' त्यांनी हात लावला नाही. यंत्र पहिला दिवस समजून अंडी कलवत राहिलं, अठराव्यालाही, विसाव्यालाही, आणि हवा कोरडीच राहिली. अठ्ठेचाळीस अंडी. सात पिल्लं निघाली. बाकीची कवचातच चिकटून राहिली.

"ऐकलंत?" उबवणीवाला गरजला. "आता यांचे पैसे कोण देणार?"

आता. हाच तो क्षण. अक्काने पाकिटातून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि सातव्या ओळीवर बोट टेकवलं. "मोठ्याने वाचा."

त्याने वाचलं नाही. पण वाचलं असल्यासारखा त्याचा चेहरा झाला. लाल रेघ त्याचीच होती, सही त्याचीच होती. तो खुर्चीत बसला. अक्काने एवढे दिवस ज्याची वाट पाहिली तो नमुना समोर बसला होता आणि तिच्याकडे अजून सहा-सात वाक्यं शिल्लक होती.

तेवढ्यात नर्सबाई बोलल्या, भांडणाच्या सुरात नव्हे, एखादी गोष्ट समजून घ्यावी तशा. "म्हणजे यंत्राला माहीतच नव्हतं, किती दिवस झाले?"

"नाही," अक्का म्हणाली.

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. रुग्णाच्या खाटेला अडकवतात तसा तक्ता होता, हाताने आखलेला. एक ते एकवीस दिवस, सकाळची ऊब, संध्याकाळची ऊब, पुढे बारीक सह्या. सोळाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चार मिनिटं बंद'. "माझ्याकडे होतं लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." मग रुमाल सारखा करत म्हणाल्या, "पिल्लं आतून चोचा मारत होती हो. ऐकू यायचं."

अक्काची वाक्यं तिथल्या तिथे संपली.

उबवणीवाल्याने तिला खुणेने आतल्या फळ्यांच्या आड बोलावलं. तिथे त्याचा आवाज अगदी लोण्यासारखा झाला. "जाऊ द्या बाई, झालं ते झालं. चूक माझी. आता ती ओळ घालून द्या, यात आणि पुढच्या चाळीसांत. किती घ्याल?"

साडेचार हजार, दरपत्रकात लिहिलेलं होतं. अक्काने फळीच्या कडेकडे बघितलं. "तीस हजार," ती म्हणाली आणि गप्प बसली. आई म्हणाली होती तेवढं काही हे अवघड नव्हतं.

तो पाच-सहा सेकंद थांबला आणि म्हणाला, "चालेल."

बाहेर येऊन तिने लॅपटॉप यंत्राला जोडला. नर्सबाई स्टूल सरकवून शेजारी येऊन बसल्या, त्यांना आपलं यंत्र आजच घरी न्यायचं होतं. उबवणीवालाही मागे येऊन उभा राहिला. अक्काने ती जागा उघडली आणि बावीस रेघा एकेक करून पुसल्या. वायरीतून प्रोग्राम चिपमध्ये उतरला. तिने यंत्राची पिन काढली, परत लावली. आकडा होता तोच राहिला.

"झालं?" नर्सबाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. चाळीस वर्षं नाड्या मोजलेली नजर ती. "एक मिनिट लागलं."

"हो."

"मग तेव्हाही एकच मिनिट लागलं असतं?"

बावीस वर्षं एका ग्रॅमचीही थाप न मारणारी अक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "नाही हो. सहा तासांचं काम आहे ते. घरून करून आणलं."

नर्सबाईंना ते पटलं. एवढं काम केल्याबद्दल त्यांनी तिचे आभारही मानले. उबवणीवाल्याने नवी अठ्ठेचाळीस अंडी देतो म्हणून सांगितलं, यंत्र रिक्षात चढवून दिलं, हात जोडले. मग तो परत आत आला आणि टेबलावर थाप मारून इतका मनापासून हसला की त्याच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

"घरून करून आणलं! अहो, मी मागे उभा होतो. लिहिलेलंच होतं की सगळं, नुसतं झाकून ठेवलेलं! वा बाई, वा! आणि मी तुम्हाला तत्त्ववाल्या समजत होतो, खरं सांगतो, जरा घाबरूनच होतो तुम्हाला." तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "मी पण तेच करतो. नव्या यंत्राच्या दाराला मुद्दाम पातळ रबर लावतो. महिन्याने ऊब टिकत नाही म्हणून बोंबलत येतात, मग जाड लावून देतो, वेगळे पैसे घेऊन. शिकवावं लागलं नाही तुम्हाला. आमच्यातल्याच निघालात!"

आणि त्याने हात पुढे केला. अक्काला त्या हाताची किळस आली. त्या तळव्यावर फेविकॉलचे वाळके पापुद्रे होते. तिने तो हात हातात घेतला, कारण दुसऱ्या हातात तो तीस हजारांचा चेक आणि चाळीस यंत्रांची ऑर्डर धरून उभा होता.

घरी येताना तिने भावाला फोन करून सांगितलं की खुर्ची दुसऱ्या कोणाला दे. तो मठ्ठ माणूस खरोखर खूश झाला. "मला माहीत होतं अक्का," तो म्हणाला, "तू कोणापुढे वाकणार नाहीस." अक्काने फोन लवकर ठेवला.

आई कपबश्या विसळत होती. तिने आकडा विचारला, मग एकच सांगितलास ना ते विचारलं, मग गप्प बसलीस ना ते विचारलं, आणि तिन्ही उत्तरं ऐकून ओल्या हातानेच लेकीच्या पाठीवर शाबासकी दिली. फ्रॉकमधलं शहाणपण इंजिनिअरिंगला लागू पडलं, म्हणून तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"आणि तो? आता नीट कळला असेल की तुला," ती म्हणाली. "कोणातला गं शेवटी?"

अक्का हात धुवायला नळापाशी गेली. साबण लावला, खळखळून धुतले, परत साबण लावला.

"माझ्यातला," ती म्हणाली.

"म्हणजे हुशार असणार," आई म्हणाली आणि बशी पुसून फळीवर ठेवली.